४२ पेट्या

फेब्रुवारीत देवगडहून दादाचा, म्हणजे माझ्या मामेभावाचा, फोन आला. "अरे, तुझ्या त्या एक्सेलमध्ये जरा बघ ना, सीझनभर पिकअप भाड्याने घेतली तर परवडेल का?" मागून वहिनीचा आवाज. "माझ्या पाटल्या गहाण टाकून घेतायत, तेही सांगा की भावजींना!"

आता मात्र नीट बघणं भाग होतं.

दादाची बाग छोटी. सीझनला पाच डझनी ७०० पेट्या निघतात, त्या तो पुण्यातल्या सोसायट्यांत २,४०० रुपयांना थेट विकतो. ट्रान्सपोर्टवाला घरपोच धरून पेटीमागे १६० घेतो. गेल्या वर्षी दोन खेपांना दादाने स्वतः गाडी केली, तर खेपेला ११,००० गेले. तेव्हापासून याच्या डोक्यात एकच, गाडी आपल्या दारात उभी पाहिजे. ऐन सीझनमध्ये गाडी मिळत नाही हेही खरंच. मालक एप्रिल-मे मिळून ड्रायव्हरसकट ९०,००० मागत होता, सगळे आगाऊ. शिवाय गगनबावड्यावरून पुणे, जाऊन-येऊन साडेसातशे किलोमीटरचं डिझेल, टोल, भत्ता धरून खेपेला ७,२००.

एमबीएवाले मित्र याला कॉस्ट-व्हॉल्यूम-प्रॉफिट म्हणतात. नाव भारदस्त, गणित सातवीचं :) (ब्रेक-इव्हन चार्टचा प्रसार करणारे कोलंबिया विद्यापीठाचे वॉल्टर राउटनस्ट्राउख हे इंजिनियरिंगचेच प्राध्यापक, त्यामुळे आपणही हात घालायला हरकत नाही.) विक्रीची किंमत आणि बागेचा खर्च दोन्हीकडे सारखाच, तो बाजूला ठेवला. गाडीत ६० पेट्या बसतात, म्हणजे पेटीला १२० रुपये. ट्रान्सपोर्टपेक्षा ४० वाचले. ९०,००० भागिले ४०, म्हणजे २,२५० पेट्या गेल्या तर बरोबरी. दादाच्या ७००. दहा मिनिटांत निकाल! फोन करून "नको" सांगितलं आणि चहा प्यायला गेलो.

संध्याकाळी वहिनीने तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ट्रान्सपोर्टमध्ये पेट्या आदळतात, गोदामात एक रात्र जास्त पडतात. त्या हिशोबाने ७०० मागे ४२ पेट्यांचे पैसे परत द्यावे लागतात. म्हणजे १,००,८०० रुपये, पेटीमागे १४४! स्वतःच्या गाडीने गेलेल्या १२० पेट्यांत मात्र दोनच खराब, म्हणजे पेटीमागे ४०. (त्या दोन्ही वेळा दादा स्वतः गाडीत बसून गेला होता. गुण गाडीचा की दादाचा, कोण जाणे.) आता बचत ४० नाही, १४४ झाली. बरोबरीचा आकडा २,२५० वरून थेट ६२५ वर. दादाच्या ७००. म्हणजे गाडी घ्यावी! सकाळचं माझं "नको" पार तोंडघशी पडलं.

पण मी १२० रुपये धरले होते ते गाडी दरवेळी गच्च भरेल असं समजून. आंबा काही आपल्या सोयीने येत नाही. १४ आणे तयार झाला की उतरवायचा, मग आढीत आठ-दहा दिवसांत पिकणार. गाडी भरायची वाट बघत बसलात तर पुण्यात पोचेपर्यंत मऊ. वहिनीच्या वहीतून आठवड्यांचे आकडे काढले, तर ७०० पेट्यांना १२ नव्हे, १७ खेपा लागत होत्या. डिझेलवाल्याला गाडी अर्धी रिकामी आहे याच्याशी काय देणंघेणं! सगळं मांडल्यावर सीझनची गाडी ट्रान्सपोर्टपेक्षा २७,६०० रुपयांनी महाग पडली. आणि पाटल्यांवरचं व्याज यात नाहीच.

तेव्हा लक्षात आलं, मी सबंध सीझनचा विचार करत होतो आणि निर्णय तर प्रत्येक खेपेला वेगळा घेता येतो. दादाला सलणारे ते ११,००० मी परत काढले. ट्रान्सपोर्टने पेटी नुकसानीसकट ३०४ ला पडते. एका खेपेपुरती गाडी केली तर ११,००० अधिक पेटीमागे ४०. फरक २६४ चा. ११,००० भागिले २६४, साधारण ४२. उतरवलेला माल ४२ पेट्या किंवा जास्त असेल तर गाडी, नाहीतर ट्रान्सपोर्ट. गाडीवाल्याला दोन दिवस आधी सांगायचं, बस.

दादाला फारसं पटलं नाही. "अकरा हजार म्हणजे अकरा हजार रे," एवढंच म्हणाला. पण पाटल्या कपाटात राहिल्या, आणि पडवीच्या भिंतीवर वहिनीने कोळशाने ४२ लिहून ठेवलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री फोन. "३८ पेट्या आहेत. काय करू?"

"ट्रान्सपोर्ट," मी म्हटलं.

मागून वहिनी. "शेजारच्या काकांच्या चार पेट्या पुण्याला जायच्यात, त्या घ्या की!"