तक्रार निकाली, दोष कायम

तक्रार निकाली निघणे आणि तक्रारीचे कारण दूर होणे या प्रशासनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नोंदवहीत दिसते, दुसरी फक्त तक्रारदाराला कळते. नळाला पाणी येत नाही अशी तक्रार आली की नगरपालिकेचा माणूस रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीतला दाब पाहतो. तो ठीक असतो आणि प्रकरण बंद होते. तो माणूस खोटे बोलत नाही, त्याच्या अखत्यारीतला भाग खरोखरच ठीक असतो. पाणी मात्र येत नाही. असेच एक प्रकरण २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यात मी तंजावूरला जवळून पाहिले. ते होते घरातल्या संगणकाच्या बिनतारी इंटरनेटचे.

नोकरीच्या निमित्ताने तेव्हा मी राजवाड्याजवळच्या एका जुन्या घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहत होतो. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावूरवर भोसल्यांचे राज्य होते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्या घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख १८०३ मध्ये कोरला गेला, तो आजही तेथे आहे. त्या काळी आलेल्या कुटुंबांचे वंशज अजूनही घरात मराठी बोलतात. माझे घरमालक त्यांपैकीच एक. वय पंचाहत्तरीच्या पुढे, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त. गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला तिकडच्या रिवाजाप्रमाणे ‘सार’ म्हणत आणि पुढचे वाक्य मराठीत बोलत.

केंद्रीय निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न पोचल्यास निवृत्तिवेतन थांबते. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेमुळे हा दाखला घरबसल्या देता येऊ लागला. संगणकाला बोटाचा ठसा घेणारे छोटे यंत्र जोडायचे, आधार क्रमांक भरायचा, मोबाइलवर आलेला आकडा टाकायचा आणि ठसा द्यायचा. त्या वर्षी मामांचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे बँकेत जाणे शक्य नव्हते. पण ठसा देण्याची वेळ आली की नेमके इंटरनेट तुटे आणि सगळे पहिल्यापासून करावे लागे. चार संध्याकाळी हाच प्रकार झाला. मामांच्या घराचा महिन्याचा खर्च आणि मामींची औषधे याच निवृत्तिवेतनावर चालत होती.

सेवा देणाऱ्या कंपनीकडे तीनदा तक्रार नोंदवली. तीनदा ‘लाइन ठीक आहे’ असा शेरा मिळून ती बंद झाली. संगणक दुरुस्त करणाऱ्याने संगणक ठीक असल्याचे सांगितले आणि दोष कंपनीवर टाकला. शेजाऱ्यांचे म्हणणे, पावसामुळे होत असेल, कारण तंजावूरला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातच पडतो. मामा मला म्हणाले, “सार, दोघेही आपले बरोबर म्हणतात. मग चुकते ते कोणाचे?”

हा प्रश्न प्रशासनातला फार जुना प्रश्न आहे. त्याचे उत्तर वादाने मिळत नाही, एकेक दुवा सुटा करून तपासल्याने मिळते. इंटरनेट घरात दोन टप्प्यांनी येते. बाहेरून राउटरपर्यंत तारेने, आणि राउटरपासून संगणकापर्यंत हवेतून. ‘पिंग’ नावाची एक साधी आज्ञा संगणकावर असते. तिने दर सेकंदाला हाक मारता येते आणि उत्तर आले की नाही हे पाहता येते. आम्ही दोन खिडक्या उघडून एकीतून घरातल्या राउटरला आणि दुसरीतून बाहेरच्या एका पत्त्याला हाक मारत राहिलो. राउटर उत्तर देत असून बाहेरचा पत्ता गप्प असेल तर दोष बाहेर. राउटरच गप्प झाला तर दोष घरात.

पहिल्या दिवशी संगणक ओसरीवर आणून राउटरला तारेने जोडला. भर पावसात दोन तास दोन्हीकडून उत्तरे अखंड आली. म्हणजे कंपनीचे म्हणणे खरे होते आणि पाऊसही निर्दोष होता. दुसऱ्या दिवशी संगणक तेथेच ठेवून तार काढली. तरीही सर्व सुरळीत. म्हणजे संगणक दुरुस्त करणाऱ्याचे म्हणणेही खरे होते. तिसऱ्या दिवशी संगणक नेहमीच्या मागच्या खोलीत नेला. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात राउटरची उत्तरे वारंवार गळू लागली. दिवसाही येत, पण अडखळत. मामांनी वेळा कागदावर लिहून ठेवल्या होत्या. सरकारी नोकरीतली सवय येथे उपयोगी पडली.

कारणे दोन निघाली. राउटर ओसरीवरच्या लोखंडी कपाटामागे होता, आणि मधल्या भिंती विटा-चुन्याच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. त्यातून मागे पोचणारा संदेश आधीच क्षीण झालेला असे. दुसरे कारण शेजारच्या घरांतले राउटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल १३ असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न अडवणारे म्हणून सहसा १, ६ आणि ११ हे तीनच धरतात. आमच्या आजूबाजूचे बहुतेक राउटर ६ वर होते, आमचाही. संध्याकाळी सगळे घरी आले की त्या एका चॅनेलवर गर्दी होई.

आता कायद्याकडे पाहू. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना लागत असे. घरच्या रेडिओसाठी पोस्टात पैसे भरल्याचे जुन्या वाचकांना आठवत असेल. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, परवानामुक्त केला. घरोघरी वायफाय आले ते या निर्णयामुळे. मात्र या सवलतीला एक अट आहे. हा पट्टा सामायिक आहे, आणि दुसऱ्याच्या लहरींमुळे अडथळा आला तर संरक्षण मागता येत नाही. म्हणजे गावच्या गायरानासारखीच ही जागा. कोणाविरुद्ध दाद मागता येत नाही, आपसात बोलून मात्र पुष्कळ होते.

आम्ही तेच केले. राउटर कपाटामागून काढून चौकाकडच्या कोनाड्यात ठेवला, म्हणजे लहरींना भिंतींऐवजी मोकळा चौक मिळाला. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावून एकाने १, एकाने ६ आणि मामांनी ११ असे चॅनेल वाटून घेतले. सगळा खर्च कॉफीचा. त्या संध्याकाळी मामांचा दाखला पहिल्याच प्रयत्नात निघाला.

एक काळजी आम्ही आधीच घेतली होती. विहित नमुन्यावर ठरावीक अधिकाऱ्याची सही घेऊन कागदी दाखला बँकेत पाठवण्याची सोय नियमात आहे. २५ तारखेपर्यंत जमले नाही तर तो मार्ग धरायचा, असे ठरवून कागद तयार ठेवला होता. ज्या कामावर माणसाचे पोट अवलंबून आहे, त्याचा जुना मार्ग नवा आला म्हणून बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील दूर गावी आहेत आणि बोलता बोलता पडद्यावर त्यांचे चेहरे गोठतात. त्यांना नवे यंत्र पाठवण्याआधी फोनवरून ही तीन दिवसांची तपासणी करून घ्यावी. आणि जे माझ्यासारखे प्रशासनात आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. तक्रार नोंदवहीत ‘निकाली’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा : ‘कोठपर्यंत तपासले आणि पुढचा भाग कोणाचा’. तो भरावा लागला, तर ‘आमच्याकडे ठीक आहे’ एवढे लिहून प्रकरण बंद करणे कोणालाही कठीण जाईल.