अढीतला आंबा

आमच्या हातून घडलेला एक अन्याय आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे. विषय आंब्याचा असल्यामुळे तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे; परंतु जेथे एका पंक्तीस अकरा पाने मांडली जातात, तेथे आंब्यावरून निघालेला शब्द आंबा संपल्यावरही पुष्कळ दिवस टिकतो.

आमच्या पुतण्याची पैठणच्या बाजूस केशर आंब्याची बाग आहे. दर ज्येष्ठात तो दोन-तीन पेट्या घरी आणून देतो. तीन वर्षांपूर्वी आणलेले आंबे हिरवेगार, निर्मळ, कोठे बोट ठेवावयास जागा नाही असे होते. सूनबाईने माडीवरच्या खोलीत गवत पसरून अढी घातली व वटपौर्णिमेच्या वाणासाठी चांगले पंचवीस निवडून निराळे ठेविले. सहाव्या दिवशी गवत बाजूला सारले तो काय, निम्म्या फळांवर काळे डाग! कित्येकांचा देठाकडचा भाग बोट लावताच आत जात होता. शेजारच्या दोन बायका तेव्हा घरात होत्या. त्यांच्यादेखत आम्ही म्हणालो, "खोली कोंदट, अढी वेळेवर उलटली नाही. हलगर्जीपणास औषध नसते." सूनबाई एवढेच म्हणाली, "चुकले, मामंजी." वाणाचे आंबे शहागंजातून विकत आणावे लागले. तीस वर्षे वर्गात उभे राहून आम्ही मुलांस सांगत आलो की, कारण तपासल्यावाचून कार्याविषयी बोलू नये!

आठ दिवसांनी पुतण्या आला. त्याने टोपलीत उरलेले एक फळ उचलून उजेडात धरले आणि म्हणाला, "काका, हा डाग फाल्गुनातला आहे."

त्याने सांगितले ते असे. मोहोर असताना किंवा फळ वाटाण्याएवढे असताना अवकाळी पाऊस आला, की वाळक्या फांद्यांवर व पानांवर बसलेले करपा रोगाचे सूक्ष्म बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर फळावर येतात. तेथे ते रुजतात, सालीस घट्ट चिकटून बसतात आणि मग काहीच करीत नाहीत. कच्च्या आंब्याच्या सालीत या बुरशीस दाबून ठेवणारी द्रव्ये असतात. फळ पिकू लागले की ती ओसरतात, साखर वाढते, आणि इतके दिवस निजलेली बुरशी जागी होऊन पसरते. देठाकडून येणारी कूजही पुष्कळदा बागेतूनच येते. म्हणजे सूनबाईने गवत पसरले त्याच्या तीन महिने आधी निकाल लागून चुकला होता! फळ टिकावे म्हणून बुरशीनाशक द्यावयाचे ते मुख्यतः झाडावर असतानाच का, हे आम्हांस त्या दिवशी कळले. उतरविल्यावर बावन्न अंशांच्या गरम पाण्यात फळे पाच-दहा मिनिटे बुडविली तर काही उपयोग होतो, पण तेही वेळीच केले पाहिजे.

"मग तू फवारणी का केली नाहीस?" आम्ही विचारले. तो खाली पाहू लागला. वर्षापूर्वी आम्हीच त्यास बजावले होते की, घरच्या दहा झाडांवर विष मारू नकोस. वडीलकीच्या शब्दास मान देऊन त्याने ती झाडे सोडली होती. बाकीच्या बागेतला आंबा वाशीच्या बाजारात गेला आणि चांगला टिकला.

आमची भीती अगदीच निराधार होती असे मात्र आम्ही अद्यापि मानीत नाही. कार्बेन्डाझिम हे या कामी फार वापरले गेलेले आंतरप्रवाही औषध. काढणीच्या आधीच्या आठवड्यांत पंधरा-पंधरा दिवसांनी ते फवारावे, अशीही शिफारस आढळते. युरोपीय संघात २०१४ च्या अखेरीस त्याची मान्यता संपली, आणि आपल्या केंद्र सरकारने मे २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला त्यांत त्याचे नाव होते. फळ वखारीत चार दिवस अधिक टिकावे म्हणून तोंडाशी आलेल्या घासावर औषध मारणे आम्हांस मान्य नाही. पण मोहोरापूर्वीचा व फळधारणेच्या वेळचा फवारा ही गोष्ट वेगळी, आणि शेवटची फवारणी व काढणी यांत किती दिवस जावेत ते औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. तेही न वाचता आम्ही फर्मान सोडले होते. बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. थंडी, वारा व ऊन यांनी झाडास रोग होतात असे तेथे म्हटले आहे. तो वाचून आम्ही स्वतःस झाडांचे जाणकार समजत होतो!

जाता जाता एक गंमत. फ्रान्सातील मेदोक प्रांतात चोरांनी हात लावू नये म्हणून रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींस मोरचूद व चुना फासीत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आले. त्यातले मोरचूद म्हणजे आपल्या आयुर्वेदातले तुत्थच.

त्या संध्याकाळी आम्ही माडीवर गेलो. सूनबाई कपड्यांच्या घड्या करीत होती. "आंबे तुझ्यामुळे नासले नाहीत, माझ्यामुळे नासले," असे आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "मला ठाऊक होते, मामंजी. अढी मी रोज उलटीत होते." मग क्षणभर थांबून, "शेजारच्या काकूंना मात्र हे तुम्हीच सांगा." दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितले. काकूंनी चहा पुढे केला. तो आम्हांस बराच कडू लागला.

आता घरच्या दहा झाडांच्या वाळक्या फांद्या छाटून जाळतात. मोहोरापूर्वी बोर्डो मिश्रण, फळ सुपारीएवढे होईपर्यंत गरजेनुसार दुसरे औषध, पुढे काही नाही. त्यानंतर फळांस कागदी पिशव्या. उतरविताना देठ राखतात, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. गेल्या ज्येष्ठात तीन पेट्यांत अकरा आंबे नासले. अढी उलटण्याचे काम आता आमच्याकडे आहे. गुडघे कुरकुरतात, पण सूनबाई ते परत घेण्यास तयार नाही.