साडेतीन हजार किलोमीटर

मुंबई ते जेद्दा सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला पाच-सव्वापाच तास लागतात. आजोबा जहाजाने हजला गेले, तेव्हा आठवड्याहून जास्त दिवस समुद्रच होता. निघण्याआधी ते घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ’ म्हणून आले होते.

आम्ही उमराहला निघालो तेव्हा फक्त बॅगांची वजनं केली. शेजारच्या चाचांशी जमिनीवरून तीन वर्षं अबोला होता. विमानात मीकात जवळ आल्याची घोषणा झाली, नियत करताना त्यांचाच चेहरा समोर आला.

जेद्दात घड्याळ अडीच तास मागे केलं आणि पहिला फोन चाचांना लावला. गावी पहाटेचे पाच. ते फजरसाठी उठलेलेच होते. आम्ही माफी मागितली.

“सुखरूप पोचलात ना? माझ्यासाठी दुआ करा,” एवढंच ते म्हणाले.

शेजारचं घर आम्हाला तीन वर्षं गाठता आलं नव्हतं.