टाच आणि जोडा

पायातला जोडा माणसाला वरचेवर आठवू लागला, की त्या जोड्यात काहीतरी बिघडले आहे असे समजावे. मापाचा जोडा स्वतःचा विसर पाडतो. न जमलेला मात्र पावलोपावली आपली आठवण करून देतो. कधी तो अंगठ्याला चेपतो, कधी करंगळीला टोचतो. परंतु या साऱ्या कुरबुरींत टाच निसटण्याची कुरबुर सर्वांत चमत्कारिक. पाऊल उचलावे, तो टाच वर येते आणि जोडा मागे राहतो. पाऊल टेकावे, तो दोघांची पुन्हा गाठ पडते. अशा शेकडो भेटीगाठींत कातडी सोलवटते आणि संध्याकाळी पाहावे तो टाचेवर टपोरा फोड. ‘पायीची वहाण पायीच बरी’ असे म्हणून लोकांनी वहाणेला हिणवले खरे. पण ती पायी नीट बसावी म्हणून किती बुद्धी वेचावी लागते, याचा विचार ही म्हण रचणाऱ्याने केला नसावा.

कोल्हापुरी चपलेत हा प्रश्न उद्भवतच नाही. तिला मागची भिंतच नसते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची ती चप्पल अंगठ्याच्या वेढ्याने आणि वरच्या पट्ट्याने पाऊल धरून ठेवते. टाच प्रत्येक पावलाला उचलली जाते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. नाडीच्या बुटाचीही सोय निराळी. नाडी आवळली, की पाऊल मागे सरून टाचेच्या खोबणीत बसते. अवघड जागी सापडतो तो लोफर. त्याला ना नाडी, ना बंद. पायाच्या वरच्या उंचवट्यावर बसणारी चामड्याची पट्टी आणि मागची खोबण, एवढ्या दोहोंच्या भरवशावर त्याला दिवसभर पायात राहायचे असते.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलंब्री हे तालुक्याचे गाव आहे. भोवताली कपाशी, मका आणि आल्याची शेते. येथल्या एका खेड्यातील तरुणाला शहरातल्या कचेरीत नोकरी लागली. जन्मभर वहाणांवर आणि पुष्कळदा अनवाणी वावरलेल्या त्याच्या वडिलांनी मोठ्या हौसेने त्याला चामड्याचे काळे लोफर आणून दिले. पोराच्या पायाला आवळायला नकोत, म्हणून एक माप मोठेच घेतले. नोकरीवर रुजू व्हायला चार दिवस उरले आणि जोडा टाचेवरून निसटू लागला. मोठे झाले असे वडिलांना सांगावे, तर त्यांच्या हौसेवर पाणी पडणार. न सांगावे, तर पहिल्याच दिवशी कचेरीत लंगडत जावे लागणार. अखेर वडिलांना न सांगता तो फुलंब्रीला आला आणि रस्त्याकडेला रापी, आरी आणि ऐरण मांडून बसलेल्या एका वृद्ध कारागिरापुढे त्याने जोडे ठेवले.

“मामा, टाचेला काहीतरी चिकटवून द्या.”

वृद्धाने टाचेकडे पाहिलेसुद्धा नाही. “आधी घाल आणि उभा राहा,” तो म्हणाला. मग त्याने चवड्याची रुंद जागा बोटाने चाचपली, जोडा नेमका कोठे दुमडतो ते पाहिले. तरुणाला पाऊल पुढे सारायला लावून टाचेमागे किती जागा उरते तेही पाहिले. “टाच निसटते, पण दोष टाचेत नाही, दादा. पाय आत पुढे सरकतो. टाचेला जाड चामडे लावले, तर पाय आणखी पुढे जाईल आणि बोटे चेपतील.”

त्याने नमद्याचा एक पातळ तुकडा कापला, कडा तासल्या आणि तो जोड्याच्या जिभेखाली, म्हणजे पायाच्या उंचवट्यावर येईल असा, चिकटवला. पाऊल मागे रेटले गेले. चवड्याखाली अर्धा सुकतळा घातला. पूर्ण सुकतळा त्याने मुद्दाम टाळला. त्याने टाच उंच होते आणि उथळ जोड्यातून अधिकच निसटते. शेवटी टाचेच्या खोबणीत मऊ चामड्याचा पातळ तुकडा, खरबरीत बाजू बाहेर ठेवून, बसवला. तरुण चार पावले चालला. टाच अजून किंचित हलत होती.

“एवढी हलू दे,” वृद्ध म्हणाला. “नवा तळ ताठ असतो. पाय वाकतो, तो वाकत नाही. घरात रोज थोडा वेळ घालून फीर, तळ वाकू लागला की हेही राहणार नाही.”

वडिलांनी एक माप मोठे घेतले, यात केवळ मायेचाच भाग होता असे नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१ ते २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली, तेव्हा भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतील पावलापेक्षा सामान्यतः रुंद असल्याचे दिसून आले. उघड्या वहाणांत आणि अनवाणी चालण्यात चवडा मोकळेपणी पसरतो. अरुंद साच्यावरचा जोडा अशा पायाला आवळला, की माणूस रुंदी मिळावी म्हणून लांबी विकत घेतो आणि त्या वाढीव लांबीचा दंड टाच भरते. इंग्रजी पद्धतीत एका मापापासून दुसरे माप एक-तृतीयांश इंचाने वाढते. जवाच्या दाण्याच्या लांबीवरून हे अंतर ठरले. एका जवाएवढी तफावत ती काय! पण टाचेच्या खोबणीत तेवढी पुष्कळ झाली.

दुरुस्तीलाही मर्यादा असते. जोडा दोन मापांनी मोठा असेल, तर कितीही तुकडे चिकटवले तरी व्यर्थ. लांबीला तोकडा असेल, तर त्याला इलाजच नाही; चामडे रुंदीला थोडे सैलावते, लांबीला ते जवळजवळ वाढत नाही.

पुढे कित्येक महिन्यांनी तरुणाने स्वतःच्या पगारातून वडिलांसाठी जोडे घ्यायचे ठरवले. ते त्याने सकाळी घेतले नाहीत. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगतात, म्हणून सायंकाळी वडिलांना दुकानात नेले, बसवून नव्हे तर उभे करून दोन्ही पावले मोजायला लावली. उजवे पाऊल डाव्याहून थोडे मोठे निघाले. दुकानदार एक माप वाढवून देऊ लागला, तेव्हा तरुणाने तेच माप रुंद साच्यात मागितले. वडील म्हणाले, “अरे, थोडे मोठे असले म्हणून काय झाले?” तो हसला आणि त्यांच्या टाचेमागे बोट घालून पाहू लागला.