न वाकणारं हँडल

दादांचं, म्हणजे वडिलांचं, फाट्यावर सायकलदुरुस्तीचं दुकान. मी घरीच माउंटन बाईक जुळवायला घेतली आणि चीनहून कार्बनचं हँडल मागवलं. दादांनी ते करंगळीवर तोललं.

"वजनाला कायच नाय रं. पडल्यावर वाकतं का?"

"वाकत नाही. तुटलं तर एकदम तुटतं."

"मंग लोखंड बरं. वाकून सांगतं तरी."

बोल्ट ५ न्यूटन-मीटरवरच आवळा, असं त्यावर छापलेलं. आमचा पाना हाताच्या अंदाजानं चालायचा. जास्त आवळून आत चीर गेली, तर डोळ्याला दिसणार कशी? शेवटी ॲल्युमिनियमचं बसवलं. कार्बनची फक्त बाटलीची जाळी ठेवली.

पुढं घाटात जोरात आपटलो. हँडल वाकलं, मी घरी आलो. दादा तेवढ्यात गेलेले, दाखवायचं राहिलं.