थांबा कोणाचा, चेंबर कोणाचं

सौ.चा हात आता बरा आहे. फोनवर इतक्या जणांनी विचारलं की आधी ते सांगून टाकतो.

झालं असं. 2025 च्या श्रावणातली गोष्ट. मंगळागौरीला सौ. खारघरला भाचीकडे निघाली होती. आमच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यासमोर ड्रेनेजचं चेंबर आदल्या रात्रीपासून उफाळून वाहत होतं. बस आली ती त्या घाणीच्या बरीच पुढे जाऊन थांबली. ड्रायव्हरने केलं ते बरोबरच, लोकांना काय डबक्यात उतरवायचं? पण सौ. एका हातात साडीचा घोळ आणि दुसऱ्या हातात करंज्यांचा डबा घेऊन बसमागे लगबगीने निघाली आणि फूटपाथच्या कडेवरून घसरली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. करंज्या मात्र एकही मोडली नाही, हे ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

सहा आठवडे पोळ्या मी केल्या. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आता मूळ मुद्दा. मी शाळेत मराठीबरोबर नागरिकशास्त्र शिकवायचो. 'स्थानिक स्वराज्य संस्था' हा धडा किती वेळा शिकवला असेल, देव जाणे. पाणी, दिवाबत्ती, सांडपाणी, रस्ते... मुलं घडाघडा म्हणायची. आणि आता स्वतःवर वेळ आली तेव्हा हा जाब नेमका कोणाला विचारायचा, हेच मला सांगता येईना! दोन-तीन कार्यालयं फिरलो. नावं लिहीत नाही, माणसं सगळी सभ्य होती, एकाने तर चहाही दिला. पण प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे.

घरी येऊन वाचायला बसलो, जुनी सवय.

आपलं पनवेल म्हणजे 1852 ची नगरपालिका, राज्यातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी. 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिची महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सिडकोने वसवलेले भाग त्यात आले आणि आजूबाजूची गावंही आली. वीस प्रभाग, अठ्ठ्याहत्तर नगरसेवक. पण सिडकोच्या भागातले नळ, मलवाहिन्या, रस्ते हे सगळं सिडकोने घातलेलं. ते काही एका रात्रीत महापालिकेकडे येत नाही, टप्प्याटप्प्याने येतं. त्यातून 'दोघांनाही पैसे का भरायचे' हा मालमत्ता कराचा वाद उभा राहिला तो सगळ्यांना ठाऊक आहे. तळोज्याची एमआयडीसी आणखी वेगळी. तिचं सांडपाणी, कासाडी नदी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, हरित लवाद, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

बसची तऱ्हा निराळी. महापालिका झाली तेव्हा तिच्याकडे स्वतःची एकही बस नव्हती. एसटी राज्याची. आणि शहरात फिरणारी एनएमएमटी नवी मुंबई महापालिकेची, 1996 साली सुरू झालेली. महापालिकेच्या कायद्यात अशा उपक्रमावर लक्ष ठेवायला परिवहन समितीची तरतूद आहे, पण ती समिती नेमते नवी मुंबईची महापालिका. म्हणजे आमच्या दारावरून जाणाऱ्या बसवर देखरेख ज्यांची, त्यांना मत द्यायचा अधिकार आम्हाला नाही. पुण्यात आणखी वेगळंच. 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून कंपनी केली, तिथे संचालक मंडळ.

आणि सगळ्यांत गंमत बारावी अनुसूची वाचताना आली. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेली, नगरपालिकांकडे द्यायच्या अठरा विषयांची यादी. त्यात दिवाबत्ती आहे, वाहनतळ आहे, आणि 'बसथांबे' असा चक्क शब्द आहे. बस मात्र नाही! इतकी वर्षं शिकवलं, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.

बरं, नगरसेवकाला गाठावं, तर 2022 च्या जुलैत मुदत संपलेली आणि तेव्हापासून प्रशासक. मग ठरवलं, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणला. अर्ज दीडशे शब्दांत हवा असा आपल्या राज्यात नियम आहे. (मला नेहमीच जास्त लागतात, हे वाचकांना माहीत आहे.) अर्जाचा कच्चा खर्डा तयार होता.

तेवढ्यात पुन्हा धो धो पाऊस लागला, चेंबर पुन्हा वाहिलं आणि जेटिंगची गाडी आली. मी छत्री घेऊन खाली उतरलो, जरा तावातावानेच. गाडीबरोबरचा मुकादम वळून म्हणाला, "सर, ओळखलंत का?" नाही ओळखलं. दहावीला माझ्या वर्गात होता, शेवटच्या बाकावर. मी म्हटलं, "अरे, हे चेंबर नक्की कोणाचं ते तरी सांग." तो काही बोलला नाही. त्याने गेटजवळचं छोटं झाकण उचललं, आमच्या सोसायटीची लाइन बाहेर पडते ते, आणि मला वाकून बघायला सांगितलं.

आत पाणी धबधब्यासारखं येत होतं. स्वच्छ.

"सर, संडास-मोरीचं पाणी असं येतं का? हे तुमच्या गच्चीचं पाणी आहे. पावसाळी पाइप ड्रेनेजला जोडलाय कोणीतरी."

वर येऊन कागदावर आकडे मांडले. आमची गच्ची साधारण चारशे चौरस मीटर. दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस पनवेलला काही नवल नाही. म्हणजे चाळीस हजार लिटर. आता आमचं सांडपाणी: चोवीस घरं, शहाण्णव माणसं धरू. माणशी 135 लिटर पाणी हे सरकारी प्रमाण, त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं. म्हणजे 108 लिटर. एकूण दहा हजारांच्या थोडं वर. ज्या पाइपात रोजचे दहा हजार जायचे, त्यात आम्ही वर चाळीस हजार ओतत होतो. मलवाहिनी वेगळी आणि पावसाळी गटार वेगळं का असतं ते त्या दिवशी कळलं. पुढे प्रक्रिया केंद्रावर सांडपाणी खाणारे जंतू असतात, त्यांचंही असल्या पाण्याने पोट बिघडतं म्हणे.

पण जोडलं कोणी? सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वह्या माझ्याकडेच आहेत. 2011 ची वही काढली. पार्किंगमध्ये पाणी साठतं अशी सभासदांची तक्रार, प्लंबरने सुचवलेला उपाय, खर्चास मान्यता, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. खाली सचिवांची सही. अक्षर माझं. वळणदार, शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

रात्री सौ.ला सांगितलं. ती गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी तुमच्या ठरावावरून घसरले."

अर्जाचा खर्डा अजून ड्रॉवरमध्ये आहे. 2026 च्या जानेवारीत निवडणूक झाली, त्याआधी उमेदवार दारात आले. एकाला मी बसचं विचारलं, परिवहन समितीचंही विचारलं. चेंबरचं विचारायला काही तोंड उघडेना.

सोसायटीच्या सभेत विषय मांडला तेव्हा अर्धा तास वादावादी. "शेजारच्यांनीही तसंच जोडलंय, मग आपणच का?" हा एक सूर. "सर, तेव्हा तुम्हीच तर लिहिलं होतंत," हा दुसरा. त्यावर मला उत्तर नव्हतं. शेवटी रस्त्याकडच्या बाजूचा पाइप तोडून पावसाळी गटाराला नेला. मागच्या बाजूचा राहिलाय. तिथे फरशी फोडावी लागते आणि ज्यांच्या गाडीची जागा आहे ते ऐकत नाहीत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो पहिल्या क्रमांकावर घातला आहे. सौ. म्हणते, या वेळी ठराव मी वाचून बघणार, मगच सही करा.