वाइनचं द्राक्ष आणि आपलं वावर

तूर घरात आली, हरभरा घाट्यात आहे. दोन दिवस सवड होती म्हणून पुतण्याला घेऊन नाशिकला जाऊन आलो. सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर चढलो अन् सिन्नरकडे उतरलो. पोराच्या डोक्यात सहा महिन्यांपासून एकच विषय आहे. "काका, रोडच्या बाजूची दोन एकर मले द्या. वाइनचं द्राक्ष लावतो, अन् तिथंच लोकं आणतो."

तर गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत गेलो. फेब्रुवारी म्हणजे तिथं तोडणीचा हंगाम. जानेवारी ते मार्च द्राक्ष येतं आणि मुंबई-पुण्याची गर्दीही त्याच थंडीत येते. शनिवार होता, पार्किंग फुल्ल. पैसे भरून टेस्टिंग घ्यायची. माणूस ग्लासात थोडी थोडी वाइन ओततो आणि कशी हुंगायची ते सांगतो. पुतण्यानं घेतली, मी माळकरी, मी फक्त हुंगलं. एका बाजूला पोरी टबात उभ्या राहून पायानं द्राक्षं तुडवत होत्या, फोटो काढत होत्या. ती वाइन कोणी पीत नाही बरं का. खरी वाइन आत स्टीलच्या टाक्यांत होते. टाक्या थंड ठेवाव्या लागतात, त्यासाठी लाईट चोवीस तास. आपल्याकडं लोडशेडिंगमध्ये मोटर रात्री दोनला चालू करणाऱ्यानं एवढं ध्यानात घ्यावं.

बागेत मात्र माझं मन रमलं. खाण्याच्या द्राक्षाला आपण जीएत बुडवतो, विरळणी करतो, मणी फुगवतो. इथं उलटं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. तोंडात टाकला तर गोड लागतो, पण चोथाच जास्त. छाटण्या त्याच दोन, एप्रिलची खरड आणि पावसाळा संपताना फळछाटणी. एकरी माल कमी ठेवतात, म्हणजे साखर भरते. पांढऱ्यासाठी सोव्हिन्यॉं ब्लां, शेनिन ब्लां, लालसाठी शिराझ. लाल वाइनला रंग सालीतून येतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात.

आता मुद्दा. हे द्राक्ष मार्केटला चालत नाही. ज्याच्याशी करार, त्यालाच द्यायचं. आपल्या देऊळगावराजा-सिंदखेडराजा पट्ट्यातल्या बीजोत्पादनवाल्यांना हे सांगायला नको. शेडनेटात मिरचीचं क्रॉसिंग आपण करतो, पण बियाणं घेणारा एकच आणि भाव त्याचा. नाशिककडं हे घडून गेलंय. राज्यानं २००१ मध्ये वाइन धोरण आणलं, बागा वाढल्या, वायनऱ्या वाढल्या. २००८ नंतरच्या मंदीत अनेक वायनऱ्या अडचणीत आल्या आणि कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. खाण्याचं द्राक्ष असतं तर निदान व्यापाऱ्याकडं तरी जाता आलं असतं.

टिकले कोण? ज्यांनी गिऱ्हाईक बागेत आणलं ते. सुलानं २००५ साली टेस्टिंग रूम उघडली, पुढं जेवण, मुक्काम, संगीताचा महोत्सव. पण तो पैसा टेबल मांडणाऱ्याचा. करारावर द्राक्ष घालणाऱ्याला किलोचा भाव. पार्किंग फुल्ल असो की रिकामं, त्याच्या पावतीत फरक पडत नाही. पुतण्याला गाडीत हेच म्हटलं. तो लय वेळ गप्प होता.

मग म्हणे, आपणच वायनरी टाकू. परवाने, टाक्या, कूलिंग, आणि वरून फेब्रुवारी-मार्चची गारपीट. २०१४ ची आठवते ना? शिवाय नाशिकला मुंबईचा माणूस तीन-चार तासांत पोचतो, रविवारी रात्री घरी. सिंदखेडराजा रस्त्यावर असलं तरी तेवढं जवळ नाही.

घरी वेगळंच. मोठ्या वहिनींनी एवढंच विचारलं, "आडवी बाटलीसाठी सह्या गोळा करत आम्ही गावभर हिंडलो, अन् आता आपल्याच वावरात उभी करता का?" पोरगं म्हणे वाइन म्हणजे दारू नाही. २०२२ मध्ये सरकारनं सुपरमार्केटात वाइन ठेवायचं ठरवलं तेव्हाही हाच वाद झाला होता. मला विचाराल तर बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या गोष्टीवर शब्दांचा खेळ करू नये. वहिनींना ते पटणार नाही, आणि जमीन त्यांचीही आहे.

पण पोराचं अर्धं मला पटतं. शेजारी जालन्यात कडवंचीनं शेततळ्यांच्या जोरावर खाण्याचं द्राक्ष उभं केलंय, आपल्याला परकं नाही. आणि लोकं आणायला वाइनच कशाला पाहिजे? लोणारचं सरोवर, जिजाऊंचा राजवाडा बघायला माणसं येतातच, आणि आपल्या वावराचा एक घासही न खाता निघून जातात. मनुका, रस, कळण्याची भाकरी, ठेचा. दोन एकर नको, दहा गुंठे दे म्हणून मी त्याला सांगितलंय. तो अजून फुगलेलाच आहे.

येत्या रविवारी दोघं लोणारला जाऊन दिवसभर गाड्या मोजणार आहोत. तुमच्यापैकी कोणी वाइन द्राक्षाचा करार केला असेल तर कळवा. कागद एकदा नीट वाचायचा आहे, पोरासमोर.